सोमवारचं कुंड

सकाळचे सात. बाहेर उणे सहा, कुंडात चाळीस.
उजाडायला अजून चार तास आहेत
आणि गळ्यापर्यंत बुडालेली पाच डोकी
रविवारच्या भागाचा पंचनामा करताहेत.

मी काचेआड बसतो. क्लोरीन मोजणं, टॉवेल देणं,
कुणी बुडत नाहीये ना बघणं, हे माझं काम.
छातीएवढ्या गरम पाण्यात इतक्या वर्षांत
कुणी बुडालेलं नाही.
म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवतो आणि ऐकतो.

"खुनी तो डॉक्टर," ओग्मुंदुर म्हणतो.
तो दहाव्या मिनिटाला घोरायला लागतो
हे त्याची बायको बेकरीत सगळ्यांना सांगते.
तरी मत असतंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.
"डॉक्टर मागच्याच भागात मेला," थोर्दिस म्हणते.
"मग त्याचा भाऊ."
"त्याला भाऊ नाही."
"निघेल बघ पुढच्या आठवड्यात."

थोर्दिस शाळेत गणित शिकवायची. ती गुण देते, दहापैकी.
सातच्या वर अजून कुणी गेलेलं नाही.
इन्स्पेक्टरबाईंचा अर्धा गुण दर वेळी कापते,
कारण त्या बर्फावरून खिशात हात घालून चालतात.
"आपटेल एक दिवस," म्हणते, "आणि मालिका तिथंच संपेल."

बोझेना मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून येते.
मालिका फोनवर बघते, जेवणाच्या सुट्टीत, हातमोजे काढून.
इथली भाषा ती हिच्यातूनच शिकली,
त्यामुळे दुकानात दूध मागताना अडखळते
पण "मृतदेह कुणी हलवला?" हे झोपेतही विचारेल.
शेवट तिला आधीच कळतो. सांगत नाही,
पाण्याखाली पाय हलवत नुसती हसते,
आणि केटिल ओरडतो, हिला बाहेर काढा रे कुणीतरी.

केटिलला कथेशी कर्तव्य नाही. तो गाठी बघतो.
"धक्क्याला दोर असा बांधतात होय?
खून राहू दे बाजूला,
ती बोट सकाळपर्यंत ग्रीनलंडला पोचली असती!"

स्टेनवोर बोलते एकच वाक्य.
चित्रीकरण शेजारच्या फ्योर्डात झालं तेव्हा
त्या लोकांनी तिची विणलेली टोपी मागून नेली,
करडी, कडेला दोन लाल ओळी.
परत दिली नाही.
दर रविवारी ती टोपी शोधत बसते
आणि सोमवारी कळवते:
"होती काल. पोस्टमनच्या डोक्यावर."
किंवा, "नव्हती. भाग बेकार."

मग तो सहावा भाग आला,
ज्यात वादळ होतं आणि बोट परत येत नाही.

त्या सोमवारी पाच डोकी होती, आवाज नव्हता.
केसांवर बर्फ साचत होता, कुणी झटकत नव्हतं.
केटिलनं दोराबद्दल काही काढलं नाही.
गावात कुणाची बोट कोणत्या साली गेली
हे इथं विचारावं लागत नाही.

बऱ्याच वेळानं स्टेनवोर म्हणाली,
"ते व्हायोलिन कशाला होतं?"
कुणी उत्तर दिलं नाही.
"तेव्हा काही वाजत नाही.
रेडिओची खरखर असते. आणि चुलीवर किटलीचं झाकण."
केटिलनं मान हलवली. एवढंच.

ओग्मुंदुर झोपला होता, त्याला काय ठाऊक.
"मग?" म्हणाला, "भाऊ निघाला की नाही?"
थोर्दिसनं त्याच्याकडे असं बघितलं
की तो हनुवटीपर्यंत खाली सरकला,
आणि पहिली हसली ती स्टेनवोर.
मग सगळेच, जरा जास्तच मोठ्यानं.

"टोपी?" बोझेनानं विचारलं.
"होती," स्टेनवोर म्हणाली.
"त्या बोटीवरच्या पोराच्या डोक्यावर.
शोभत होती मेल्याला."

थोर्दिसनं त्या दिवशी गुण दिले नाहीत.
मी खिडकी लावली आणि वहीत लिहिलं:
पाणी चाळीस. क्लोरीन ठीक. माणसं पाच.