पान एकशेबारा

त्या पुस्तकात मी विधवा आहे.
अंगभर काळं, पाय अनवाणी,
गच्चीवर अंजिरं वाळत घातलेली,
आणि पान एकशेबारावर
परमुलखातून आलेल्या त्या पोरीला मी म्हणते,
समुद्र जे नेतो ते परत आणून देतो.

मी म्हणाले होते,
टॉवेलचे वेगळे पडतील.
अकरा दिवस राहिली ती. नवव्या दिवशी
फार रडली, तेव्हा सूप दिलं. पाकिटातलं.

आता जून लागला की सहाच्या बोटीने माणसं उतरतात,
काखेत तेच पुस्तक, पानं दुमडलेली,
दार उघडलं की आधी माझ्या पायांकडे बघतात.
चपला आत काढून ठेवायला मी शिकले.
अंजिरं स्प्लिटच्या बाजारातून आणते, तुर्कस्तानातली.
आमच्या झाडाला कीड लागून तीन वर्षं झाली.

अडचण एकच होती : येर्को.
सहा फुटी, जिवंत,
बोटीच्या इंजिनापाशी चाळीस वर्षं काढून
बहिरा झालेला, म्हणून टीव्ही मोठ्याने.
पाहुणे दिसले की मी म्हणायचे,
ऊठ, मर बघू थोडा वेळ.
तो पत्त्यांचा जोड उचलून मागच्या दाराने
लुत्सियाच्या टपरीवर मरायला जायचा,
जेवणाच्या वेळेला जिवंत होऊन यायचा,
विचारायचा, काय, किती जणी रडल्या आज?
एकदा एका डॅनिश बाईने त्याच्या फोटोपुढे
मेणबत्ती लावली. हा खिडकीबाहेर उभा.
म्हणाला, बरा दिसतो की मी.

फेब्रुवारीत गेला.
फेब्रुवारीत पाहुणे नसतात, बोट दिवसाआड,
त्यात बुरा वारा सुटलेला,
डॉक्टर दुसऱ्या दिवशी पोचला.
काळं घालायचं म्हणून कपाट उघडलं
तर चार काळे झगे, चारही जूनमधले,
इस्त्री करून ठेवलेले.
हात लावेना मला.
त्याचा निळा स्वेटर खुंटीवर होता,
कोपराला ग्रीसचा डाग. तो चढवला.
दफनाला तोच. अजून तोच.

परवा दोघी आल्या.
एक दुसरीच्या कानाशी लागली,
मला कळते तेवढी त्यांची भाषा :
ही ती नसावी.
मी किल्ली दिली. टॉवेलचं सांगितलं.
मागच्या खोलीत टीव्ही चालू होता, मोठ्याने.
कोण आहे आत, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, फुटबॉल.