शंभरात तीन

मकरपुऱ्यात आमची शेड. व्हॉल्व्ह बनवतो.
दिवसपाळीत शंभरात अकरा नग गळके निघतात,
रात्रपाळीत तीन.
महिन्यामागून महिने तेच. अकरा, तीन.

समोरच्या शेडमध्ये जर्मन यंत्र आलं, झेंडूचा हार घालून.
तेव्हापासून आमची दोन जुनी गिऱ्हाइकं
फोनवर नुसतं "बघतो" म्हणतात.
मी अहमदाबादहून सल्लागार बोलावले.
त्यांनी बावीस स्लाइडांत सांगितलं
की रात्री हवा गार असते, वीज स्थिर असते
आणि नावीन्य ही एक संस्कृती आहे.
बिलावर जीएसटी वेगळा.

मग एका रात्री दोन वाजता मीच गेले, थर्मास घेऊन,
आपल्याच कारखान्यात चोरासारखी.
ड्रिलपाशी सोमाभाई डामोर, दाहोदकडचे,
गुडघ्यांवर बसलेले.
फिक्श्चरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
करंगळीएवढा.
"यंत्राची थरथर हा खाऊन टाकतो, बेन.
मग धातू बिचकत नाही."

आणि दिवसा?
"दिवसा साहेब असतात. ड्रॉइंगमध्ये ट्यूब नाही.
सहा वाजले की काढून खिशात."

कुणाला सांगितलं का नाहीत?
त्यांनी हनुवटीनं दाराकडे दाखवलं.

पप्पांनी लावलेली सूचनापेटी.
किल्ली कुठे ते पप्पांनाच ठाऊक होतं,
आणि पप्पांना जाऊन सात वर्षं झाली.
कुलूप हातोडीनं तोडलं.
आत शेंगांची टरफलं, मसाल्याच्या पुड्या,
पालीची दोन रिकामी अंडी,
आणि वहीच्या पानावर, गुजरातीत, पेन्सिलीनं,
ट्यूबचं चित्र. मापांसकट.
खाली तारीख. नऊ वर्षांपूर्वीची.

दर शंभराला आठ नग, गुणिले तीनशे दिवस, गुणिले...
मी मनात हिशेब मांडला
आणि मधेच सोडून दिला.

सगळ्या ड्रिलखाली ट्यूब लावायची, उद्याच.
मी तिथेच फॉर्म काढला:
सुधारणा. कुणी सुचवली. बचत, रुपयांत.
सोमाभाई झाकणातला चहा फुंकत होते.
म्हणाले, "नाव लिहा, बेन, ना नाही.
पण गळती थांबली की रोजचा आकडा वाढवाल ना?
एकशेवीसचे दीडशे?"

रस्त्यापलीकडे त्या जर्मन यंत्राचा हिरवा दिवा
न मिचकावता जळत होता.

मी पेन झटकलं.
शाई होती त्यात.