गाणं संपल्यावरची पट्टी

बँडचं नाव केल्लारिन ओवि.
त्यांच्या भाषेत ओवि म्हणजे दार, इथे तळघराचं;
आपल्याकडे ती जात्यावर बसलं की सुचते.
फिरतंय मात्र इथेही काहीतरी,
टाम्पेरेत, जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे.

सहा अल्बम, पुन्हा नव्याने.
मूळ टेपवरून, एकशेऐंशी ग्रॅमची जाड तबकडी,
खोका काळा, त्यावर चंदेरी कडी.
उरलेले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत;
सह्या टपालाने आल्या, वेगवेगळ्या गावांहून,
ड्रमरच्या नावापुढे नुसती रेघ.

तबकडी कापते पिह्ला केतोनेन, वय एकोणतीस.
संगीत तिने सोडवलंय. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी:
शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं
त्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर
वेइक्को हार्युलाने टाचणीने कोरून ठेवलेलं.
पहिल्यावर, दूध संपलंय.
दुसऱ्यावर, किल्ली पायपुसण्याखाली.
तिसऱ्यावर, मंगळवारी दात.

चाळीस वर्षं लोकांनी त्याचा कीस काढला.
दूध म्हणजे अणुयुद्ध, हे एकाने सिद्ध केलं.
ओउलूच्या एका सुताराने दंडावर गोंदवून घेतलं:
मंगळवारी दात.
गायकाला विचारलं की तो गूढ हसायचा.
त्याला काय कप्पाळ माहीत असणार.

पिह्ला ट्राम धरून हेर्वान्ताला गेली.
आठवा मजला, आउने हार्युला, वय ब्याऐंशी,
कॉफी, वेलदोड्याचा पाव.
जुन्या तबकड्या खिडकीकडे तिरक्या धरून
भिंगातून ती एकेक वाचत गेली.
"हे तर मला लिहिलंय."
मग बराच वेळ फक्त फ्रीज घुरघुरत होता.

घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हताच कधी.
दिवसभर कान किटतात, म्हणायचा, घरी शांतता हवी.
विसरभोळा. टाचणी हातात असेल तिथे लिहायचा,
आणि लिहिलं म्हणजे सांगितलं, असं धरून चालायचा.
"या किल्लीपायी मी दोन तास जिन्यात बसले होते.
नोव्हेंबरात."
दहा हजार घरांत निरोप पोचला होता,
एक तिचं सोडून.

सहाव्या तबकडीवर अक्षर बारीक:
आउने, आज उशीर होईल.
तिने तारीख विचारली.
पिह्लाने कागद चाळले: चौदा मार्च, शहाऐंशी.
"झाला होता," आउने म्हणाली. "उशीर."
आणि पावाची बशी पुढे सरकवली.

निघताना खोक्याची किंमत विचारली.
एकशे चाळीस युरो ऐकून म्हणाली,
"दुधाचे?"

आता रात्र आहे. चकतीवरचं लॅकर
ओलं असल्यासारखं चमकतंय.
वेइक्कोचं ते डावीकडे कललेलं अक्षर
पिह्लाच्या हाताला काही केल्या येत नाही;
पाच चकत्या वाया गेल्या,
मालकाने बिल टेबलावर मुद्दाम सरळ ठेवलंय.
ती सहावी घेते. कोरते. ठीकठाक.
मग उलट्या बाजूसाठी दुसरी,
जिच्या पट्टीवर आजवर काहीच नव्हतं.
लिफ्टचं दार मिटता मिटता
आउनेने ओरडून सांगितलेला एकच शब्द:
वाचलं.

ओउलूच्या सुताराचा दुसरा दंड
अजून मोकळा असेल.