पंधरा मिनिटं

आधी नळ सोडते.
मग साबण, कपड्यांचा का असेना.
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करते:
मोठा काटा तिनावर येईपर्यंत
पाय हलवायचा नाही, सुरमल.

जखमेतलं तिखट वाहून जातं.
लाल पाणी. त्यात रक्त किती नि मिरची किती,
कळत नाही.
रायलीबाई ओशाळून म्हणते, घरात दुसरं काय होतं?
मी काही बोलत नाही.
चोपड्याच्या या दवाखान्यात एकोणीस वर्षं झाली,
चुना पाहिलाय, तंबाखू, दिव्यातलं तेल,
सेलमधली काळी पूड,
आणि लोटनच्या पाठीला चिकटवलेली काशाची थाळी.

थाळी पडली की विष उतरलं, असं त्याला सांगितलेलं.
थाळी पडली.
घामानं पडली. मे महिना होता,
सावलीत पंचेचाळीस.

कुत्रं कसलं, पिल्लूच ते.
केळीच्या बागेत वाळल्या पानांत सापडलेलं.
पोटरीला दात लावले, खेळता खेळता, असं वाटलं.
चार दिवसांत मेलं.
लोटननं खड्डा खणला, वर धोंडा ठेवला
आणि विसरला.

ते विसरत नाही.
रक्तात उतरत नाही ते, नसेची वाट धरतं,
दिवसाला बोटभर, कधी त्याहून कमी,
रात्री बांधावरून बारे द्यायला निघालेल्या माणसासारखं,
हातात बॅटरी नाही, पायात घाई नाही.
ताप नाही, सूज नाही.
पोटरी. मांडी. कणा.
तेवढ्यात लोटननं मृगबाग लावली,
लेकीचा साखरपुडा केला,
पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली,
आणि तिसऱ्या दिवशी
कधीच भरून आलेल्या जखमेला मुंग्या आल्या.

तांब्या मीच पुढे केला होता.
ओठाला लागलाही नव्हता, नुसता दिसला,
आणि त्याचा गळा आतून कुणी पिळल्यासारखा आवळला.
'माले पानी नको दखाडा, बाई.'
तहान नव्हती असं नाही.
जीभ चामड्यासारखी झालेली,
डोळे तांब्यावरच, आणि हात तो ढकलतोय.
जन्मभर पाण्याच्या पाळ्या सांभाळलेला माणूस.
मग पंखाही बंद केला आम्ही.
वाऱ्यानंसुद्धा तसंच व्हायचं.

मध्ये मध्ये पूर्ण शुद्धीवर असायचा.
विचारलंन, बागेला खत टाकलं का.
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं,
बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.
एकदा पाण्याची भीती सुरू झाली
की आमच्या कपाटात काहीच उरत नाही.
जे आहे ते त्याआधीचं.

पिसाळलं, म्हणतात लोक, दगड घेऊन धावतात.
त्या पिल्लाचाही गळा मिटला असणार.
गिळता येत नाही, म्हणूनच तर लाळ गळते.
धोंड्याखाली तेही तहानलेलंच गेलं.

फ्रीज उघडते. सकाळपासून लाइट नाही,
बर्फाच्या पिशव्या अजून घट्ट आहेत.
जखमेभोवती एक वेगळं इंजेक्शन,
दंडात लस.
आज, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी,
मग एकदम अठ्ठाविसाव्या.
रायलीबाई पदराला गाठी मारते, चार.
केळी कापणीला खाडे पडतील, म्हणते.
पडू देत.
शेवटची गाठ सोडायला विसरू नको,
जखम तोवर भरलेली असेल, तरीही.
मुकादमाला माझं नाव सांग.

सुरमलला कंटाळा आलाय.
साबणाचा फेस मोरीकडे जाताना बघतो,
मग वाकून
त्याच नळाखाली ओंजळ धरतो
आणि घटाघटा पितो.

मी त्याच्या गळ्याकडे बघत राहते.
घाटी वर जाते, खाली येते.
काटा अजून दोनावर.

पी, मी म्हणते.
पाय तेवढा हलवू नको.