पडलेले दगड

समुद्रापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत
माणसं उभी होती म्हणतात,
खांद्याला खांदा, एका रात्रीपुरती.
लाटांनी घासलेला दगड पहिल्या हातातून निघे
आणि उजाडायच्या आत
हेइआउच्या भिंतीत जाऊन बसे.
जमिनीला टेकलेला मात्र देवाला चालत नसे.
तो पडला तिथंच राहायचा.

अजून आहेत ते.
कियावेच्या काट्यांत, बकऱ्यांच्या वाटेवर,
एक रस्तेखात्याच्या पाइपाखाली.
आजूबाजूची लाव्हा खरखरीत, हे गुळगुळीत,
म्हणून ओळखू येतात.
मी मोजलेत. एकेचाळीस.
एवढ्या मोठ्या रात्रीत
फक्त एकेचाळीस वेळा कुणाचा तरी हात सुटला.
घाम असेल. झोप असेल.
पोटुशी असेल एखादी,
की बायकांना रांगेत घेतच नव्हते?
यावरून माझे दोन मामा
पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

वर काय चालायचं
ते मी गोड करून सांगणार नाही.
पाऊस मागायचे, रताळी मागायचे.
लढाईच्या वर्षी माणूसही द्यायचे.
सहलीला आलेली मुलं नेमकं तेवढंच विचारतात,
कुठल्या दगडावर?
माहीत नाही, मी म्हणते. खरंच माहीत नाही.
ज्यांना माहीत होतं
त्यांनीच लाकडी देव आगीत घातले
ज्या वर्षी बायका आणि पुरुष
पहिल्यांदा एका पंगतीला बसले.
मिशनऱ्यांचं जहाज तेव्हा अजून वाटेत होतं.
हे लक्षात ठेवा, मी मुलांना सांगते,
देव आम्हीच उठवले.
पाहुण्यांना घर आयतं मोकळं सापडलं.

मग दगडांनी धर्म बदलला.
खाली चर्चला भिंती हव्या होत्या.
माझ्या आईचे खापरपणजोबा, डीकन नाआउकाना,
यांच्या हिशेबाच्या वहीत नोंद आहे:
वरून दगड, बैलगाडीमागे अर्धा डॉलर.
पोवळी भाजून चुना केला.
उरलेसुरले उसाच्या गिरणीनं नेले.
त्यानंतर कुणी टेप घेऊन आला,
राहिलेल्या चौथऱ्याला आकडा दिला आणि लिहिलं,
ढिगारा, उपयोग अज्ञात.

गेल्या मार्चात जमीन हलली,
चर्चची समुद्राकडची भिंत बसली.
पाद्रीणबाईंचा फोन आला.
आम्ही सिमेंटची बांधतोय, म्हणाल्या,
तुमचे दगड तुम्ही नेता का?
तुमचे, म्हणाल्या.
मी फोन धरून बराच वेळ
त्या एका शब्दावर बसून राहिले.

सव्वीस जण जमलो.
सव्वीस माणसं टेकडीला पुरत नाहीत,
म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत पिकअप ट्रक,
आणि तिथून हातोहात.
वर पालाकिको भिंत रचत होता,
चुना नाही, माती नाही,
दगडाला दगडानंच धरायचं.
प्रत्येकाची एक बाजू पांढरी,
दीडशे वर्षांच्या प्रार्थनांचा चुना.
खरवडू का? एका पोरानं विचारलं.
पालाकिकोनं दगड तळहातावर दोनदा फिरवला,
कानाशी नेल्यासारखा केला,
आणि बसला तसा बसवला.
जी बाजू बसेल ती बाहेर, म्हणाला.
आता ती भिंत दुरून
खवले सुटलेल्या मासळीसारखी दिसते.
काहींना आवडलेली नाही.

रांगेत माझे दोन्ही मामा शेजारी आले होते.
कुणी मुद्दाम केलं नव्हतं.
बोलले नाहीत.
पण दगड तर द्यावाच लागतो,
आणि समोरच्यानं नीट धरला का
हे बघितल्याशिवाय सोडता येत नाही.

चौथ्या तासाला माझा हात सुटला.
दगड गवतात घरंगळत गेला,
एका जुन्याला टेकून थांबला.
रांग थांबली. कुणी वाकलं नाही.
वरून पालाकिको ओरडला,
पुढचा!

बेचाळीस, मी म्हटलं,
आणि हात पुढे केले.