मुनीमची ट्यूब

मोदी नंबर दोनमध्ये, हेडाऊंच्या दुकानात
मी सरड्यासाठी ट्यूब मागितली
तेव्हा गिऱ्हाइकं हसली.
बाहेर शेहेचाळीस. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
"मास्तर, नागपुरात रायून ऊन इकत घेता का जी?"
म्हणत हेडाऊंनी जांभळा बल्ब पुढं केला.
"हाच तुमचा यूव्ही. नोटा तपासाचा."
पाचशेची नोट खाली धरली, धागा चमकला.
माझी कॉलरही चमकली.
पण मुनीमला नोटा मोजायच्या नाहीत,
हाडं टिकवायची आहेत.

मुनीम हे नाव सुमेधानं ठेवलेलं.
एक डोळा जमेवर, एक खर्चावर,
आणि पाऊल उचलून मग हिशेब, टाकू की नको.
मूळ यमनचं, जन्म पिंजऱ्यातला,
नोंदणीचा कागद माझ्या मापाच्या वहीत.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात,
याचं कुंपण तीन फुटांचं, वर जाळी.
ती बरेलीला गेली, जनावरांची पुढची डॉक्टरकी शिकायला.
तेव्हापासून कूलरचं तोंड त्याच्याकडे,
पंखा मला.

"खिडकीत ठेवून भागणार नाही, बाबा. काच खोटं बोलते."
मला पटेना.
दुकानाच्या काचेमागं टांगलेलं मोरपंखी सफारीचं कापड
दोन उन्हाळ्यांत राखेच्या रंगाचं झालं.
काच अडवते कुठं?
ती म्हणाली, रंग उडवणारं ऊन आत येतं,
हाडाला लागणारं बाहेरच राहतं.
एकतीस वर्षं मी त्या काचेमागं मशीन चालवतो.
फोन डाव्या हातात घेतला
आणि उजवा गुडघ्यावरून फिरवला.

गुंडाळीचा बल्ब नको. लांब नळीचीच, बारीक.
बारा टक्क्यांची वाळवंटातल्यांना, याला सहा पुरे.
जाळी तिसरा हिस्सा खाते, तो धरून चाला.
बसायच्या फांदीपासून नऊ इंच.
इंच म्हटल्यावर मला जरा उभारी आली.
टेप लावला, खडूनं खूण केली.
मुनीमनं एका डोळ्यानं टेप पाहिला,
दुसऱ्यानं मला,
आणि अंग चपटं करून हिरव्यातून काळसर झाला.
कमरेला टेप लावला की
साहेबलोक पोट आत ओढतात, तसंच हे.

पण जुनी ट्यूब तर जळतेय!
पांढरीशुभ्र, कुठं काळी नाही, फडफड नाही.
"दिसतं ते राहतं, बाबा.
लागतं ते वर्षभरात संपतं.
टोकाला चिकटपट्टी आहे, तारीख वाचा."
स्टुलावर चढलो.
अकरा जून. तिच्या अक्षरात, जूनचा ऊकार लांब ओढलेला.
त्याच रात्रीची तिची गाडी होती.
एका हातात बॅग, एका हातात पेन,
आणि मी खालून ओरडत होतो, ऑटोवाला थांबलाय.

व्हिडिओवर ती आधी त्याचे पाय बघते.
कोपरात वाकलेत का, फांदी घट्ट धरतो का,
जीभ नेमावर जाते का.
मग म्हणते, तुम्ही जेवले का?
मीही तिचा चेहरा बघतो.
पडद्यावर उजेड पुष्कळ असतो.
त्यातलं किती पोचतं, ते मोजायचं मशीन
फार महाग आहे म्हणे.

हैदराबादहून आली शेवटी नवी,
बांबूएवढ्या खोक्यात, वर काचेचं चित्र.
कुरिअरवाल्या पोराला वाटलं, पडद्याचा दांडा.
लावली. मुनीम तासभर खालीच बसून राहिला,
मग नऊ इंचांच्या खुणेवर आला
आणि एक कूस उजेडाला देऊन थांबला.

जुनी फेकवेना.
मशीनवर टांगली.
सुईत दोरा ओवायला तेवढी चालते,
जे संपलंय ते सुईला लागत नाही.

नव्या ट्यूबवर तारीख मीच टाकली,
गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर टाकतो तशी.
खाली सवयीनं लिहायला गेलो, 'तयार केव्हा',
आणि तिथं पेन उचलला.