हुक

आठवडाभर मी एकच वाक्य बोलतो:
हुक कुठंय?
हिंदीत, बंगालीत, मोडक्या नेपाळीत,
रुवैसच्या रिफायनरीत, पहाटे साडेचारपासून
परांचीवर चढणाऱ्या प्रत्येक पाठीला.
पट्टा ओढून बघतो. बकलावर टिचकी मारतो,
आई नारळ वाजवून बघायची तशी.

सुट्टीच्या आदल्या रात्री कॅम्पच्या मेसमध्ये
सुलेमान पावसकर भिंतीला चादर बांधतो
आणि तो माणूस उडी मारतो.
चौथ्या मजल्यावरून दुकानाच्या छपरीवर,
छपरी फाडून हातगाडीवर, गाडीवरून रस्त्यावर.
मध्ये कुठं कापलेलं नाही.

"तार असणार," रंगारी मोजिबुर म्हणतो.
"तार असती तर पाठ आधी वळली नसती."
ह्या विषयात माझं ऐकतात.
पुन्हा लाव.
तो पुन्हा पडतो. आम्ही उजवा खांदा बघतो,
छपरीचा बांबू कुठून मोडतो ते बघतो,
धूळ खरी की पावडर.
खरी.
नव्वद माणसं, आणि फक्त एसीचा खडखडाट.

भांडण कुणाचं, कशावरून, कुणाला पडलेली नसते.
व्हिलन बोलायला लागला की सुलेमान पुढं पळवतो.
ढगातून उतरणारे हीरो गावी पुष्कळ पाहिले,
भांग मोडत नाही त्यांचा.
हा उठताना एक हात जमिनीला टेकतो,
गुडघ्याला विचारतो, येतोस का,
आणि आमच्यातले पन्नाशीचे हसतात.

शेवटी नावं सरकतात, शेजारी फसलेल्या उड्या:
चुकलेला कठडा, धावत आलेली माणसं,
स्ट्रेचरवरून वर केलेला अंगठा.
तेव्हा कुणी उठत नाही.
ताटं गोळा करणारा पोऱ्यासुद्धा थांबतो.

मार्चमध्ये दीपेन तमांग घसरला, सहाव्या टप्प्यावरून.
हुक होता.
दोरी ताणली, तो लोंबकळला, एक बूट खाली गेला.
मी फॉर्मवर लिहिलं: इजा नाही.
खाली उतरवल्यावर तो बूट घालत म्हणाला,
साहेब, कुणी शूट केलं का?

आम्ही फार वेळ हसलो. नंतर मी
कंटेनरमागं जाऊन ओकलो.

पडद्यावरच्या माणसाचा हुक मी शोधत नाही, असं सांगतो सगळ्यांना.
पण दर वेळी, त्यानं कठडा सोडायच्या आधी,
अंधारात माझा हात पुढं जातो
आणि समोरच्या खुर्चीची पाठ
ओढून बघतो.